बारा लाख माफ, मग साडेसात हजारांवर कर का?

गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास आमच्या भाईंदरच्या इमारतीत एकदम गलका झाला. एलजी इलेक्ट्रॉनिक्स इंडियाचा शेअर त्या दिवशी बाजारात आला. आयपीओत १,१४० रुपयांना मिळालेला हा शेअर एनएसईवर उघडलाच १,७१० रुपयांना. वरच्या मजल्यावरच्या दादाला एक लॉट लागला होता, म्हणजे १३ शेअर. त्याने बाजार उघडताच ते विकून टाकले. घातले होते १४,८२० रुपये, हातात आले २२,२३०. नफा ७,४१० रुपये. संध्याकाळी सगळ्यांना जिलेबी.

तुम्ही मीरा-भाईंदरमध्ये राहत असाल तर हे चित्र तुम्हाला नवीन नाही. आपल्याकडे चर्चगेट लोकलच्या डब्यात क्रिकेटइतकीच चर्चा आयपीओची असते, आणि घरात जितकी पॅन कार्डं तितके अर्ज भरले जातात.

दादा पंचवीस वर्षांचा आहे, अंधेरीत नोकरी करतो. पगार वर्षाला सहा लाख. परवा तो जिन्यात भेटला तेव्हा वैतागलेला होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की त्या ७,४१० रुपयांवर त्याला सुमारे १,५४० रुपये कर भरावा लागेल. “बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना? माझा पगार तर त्याच्या निम्मा आहे. तू पेपरात आहेस, शोधून सांग.”

मी पेपरात इंटर्न आहे, सीए नाही. पण शोधलं. दादाला सांगणारा माणूस बरोबर होता. आणि हे बरोबर का आहे हे समजून घेताना जे कळलं, ते मला कुणीतरी कॉलेजात असतानाच सांगायला हवं होतं असं वाटलं. म्हणून तुम्हाला सांगते.

एकच रक्कम, चार हिशोब

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. प्राप्तिकराच्या नजरेत पैसा फक्त ‘किती’ नसतो, तो ‘कुठून आला’ हेही बघितलं जातं. दादाचेच ७,४१० रुपये घेऊन बघू. हिशोब २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा आणि नव्या करप्रणालीचा. तुम्ही वेगळं काही निवडलं नाही तर तीच आपोआप लागू होते.

पहिला प्रकार: शेअर घेऊन बारा महिने किंवा त्याआधी विकला. याला अल्पकालीन भांडवली नफा म्हणतात, बोलताना ‘शॉर्ट टर्म’. यावर २० टक्के कर. त्या करावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर. दादाचा कर: १,४८२ अधिक ५९, म्हणजे १,५४१ रुपये.

दुसरा प्रकार: तोच शेअर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला. हा दीर्घकालीन नफा. वर्षभरातल्या अशा एकूण नफ्यातल्या पहिल्या सव्वा लाखावर कर नाही, त्यावरच्या रकमेवर १२.५ टक्के. दादाचा कर: शून्य.

तिसरा प्रकार: कंपनीने ७,४१० रुपये लाभांश दिला, म्हणजे डिव्हिडंड. हा थेट तुमच्या इतर उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. दादाचं एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्यामुळे कर: शून्य.

चौथा प्रकार: दादाने हेच पैसे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे एफ अँड ओमध्ये कमावले असते. कायदा याला धंद्याचं उत्पन्न मानतो आणि यालाही स्लॅबचाच दर लागतो. दादाचा कर: शून्य.

म्हणजे बघा, चारही ठिकाणी रक्कम तीच, माणूस तोच, पण कर फक्त एका ठिकाणी. साधा शेअर साध्या पद्धतीने घेतला आणि वर्षाच्या आत विकला, तिथेच.

याचं कारण ‘बारा लाखांपर्यंत शून्य’ या वाक्यात लपलेलं आहे. बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त नाही. करमुक्त मर्यादा चार लाखांची आहे. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के असा कर आधी मोजला जातो, आणि मग कलम ८७ए खाली साठ हजार रुपयांपर्यंत सूट देऊन तो पुसला जातो. ही सूट फक्त स्लॅबने आलेल्या कराला आहे. ज्या उत्पन्नाला कायद्याने स्वतंत्र दर ठरवून दिला आहे, उदाहरणार्थ शेअरवरचा शॉर्ट टर्म नफा, त्याच्या कराला ती लागत नाही. जाहिरातीत तळटीप असते ना बारीक अक्षरातली, तसंच हे.

कुणासाठी सवलत, कुणासाठी दंड

आता दादाच्या जागी त्याच्या कंपनीच्या एखाद्या मोठ्या साहेबांना ठेवा. पगार वर्षाला तीस लाख, म्हणजे ३० टक्क्यांच्या स्लॅबमधले. त्यांना ७,४१० रुपये लाभांश मिळाला तर उपकरासकट २,३१२ रुपये कर. एफ अँड ओमध्ये कमावले तरी २,३१२. पण शॉर्ट टर्म नफ्यावर मात्र १,५४१ रुपयेच.

इथे गंमत कळते. साहेबांसाठी २० टक्के हा दर सवलतीचा आहे, कारण त्यांचा स्वतःचा स्लॅब ३० चा आहे. दादासाठी हाच दर चढा आहे, कारण त्याचा स्लॅब ५ टक्क्यांचा आहे आणि सूट धरली तर शून्याचा. नव्या करप्रणालीत १६ ते २० लाखांच्या उत्पन्नावर २० टक्के लागतात. म्हणजे ज्याचं करपात्र उत्पन्न १६ लाखांच्या आत आहे, तो शॉर्ट टर्म नफ्यावर स्वतःच्या स्लॅबपेक्षा जास्त दराने कर भरतो. ज्याचं २० लाखांच्या वर आहे, तो कमी दराने.

सरकारची बाजूही आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. एकच सरळ दर असला की वसुली सोपी होते. शेअर घेऊन महिन्याभरात विकणं ही गुंतवणूक कमी आणि सट्टा जास्त, त्याला सवलत कशाला, हा मुद्दाही बरोबर वाटतो. शिवाय जो थांबेल त्याला सव्वा लाखाची सवलत आहेच. पण मग प्रश्न असा, की सट्ट्याला आळा घालायचा आहे तर एफ अँड ओच्या नफ्याला बारा लाखांची सूट मिळते आणि डिलिव्हरीच्या शेअरला नाही, हे कसं?

हे इथपर्यंत आलं कसं

थोडं मागे जाऊ. २००४ साली पी. चिदंबरम अर्थमंत्री असताना एक अदलाबदल झाली. शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर काढला आणि त्याऐवजी प्रत्येक व्यवहारावर एक छोटा कर आला, सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स म्हणजे एसटीटी. १ ऑक्टोबर २००४ पासून तो लागू झाला. तेव्हा शॉर्ट टर्म नफ्यावर १० टक्के कर होता. २००८ च्या अर्थसंकल्पात तो १५ झाला.

२०१८ मध्ये अरुण जेटलींनी दीर्घकालीन नफ्यावरचा कर परत आणला, एक लाखाच्या वर १० टक्के. ज्याच्या बदल्यात एसटीटी आला होता तो कर परतला, पण एसटीटी काही गेला नाही. मग २३ जुलै २०२४ ला निर्मला सीतारामन यांच्या अर्थसंकल्पात दीर्घकालीन दर १२.५ टक्के झाला, सूट एक लाखाची सव्वा लाख झाली, आणि शॉर्ट टर्म १५ वरून एकदम २० टक्के. त्याच दिवसापासून लागू.

लाभांशाचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. १९९७ पासून, मधला छोटा खंड सोडला तर, लाभांशावरचा कर कंपनीच भरायची. शेवटी शेवटी तो उपकर, अधिभार धरून साडेवीस टक्क्यांच्या पुढे गेला होता. भागधारकाच्या हातात पैसे यायचे ते कर कापूनच. त्यामुळे कोट्यधीश आणि पेन्शनवर जगणारी आजी, दोघांच्या लाभांशातून सारखाच वाटा जायचा. १ एप्रिल २०२० पासून ही पद्धत बंद झाली. आता ज्याचा जसा स्लॅब तसा त्याला कर. श्रीमंत गुंतवणूकदारांनी यावर बरीच नाराजी दाखवली, पण लहान भागधारकासाठी हा बदल चांगलाच होता.

म्हणजे लाभांशाच्या बाबतीत सरकारने ‘ज्याची जितकी ऐपत, तितका कर’ हे तत्त्व मान्य केलं. शॉर्ट टर्म नफ्याच्या बाबतीत अजून केलेलं नाही.

कोर्टाची पायरी चढलेले पंचवीस हजार

हा वाद फक्त आमच्या जिन्यातला नाही. तो मुंबई उच्च न्यायालयात जाऊन आलेला आहे, आणि ती गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

२०२३-२४ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना २५,००० रुपयांपर्यंत सूट होती. तेव्हाच्या कायद्याच्या शब्दांत ही सूट शॉर्ट टर्म नफ्याच्या कराला मिळत नाही असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, असं अनेक करसल्लागारांचं म्हणणं होतं. २०२४ च्या जूनमध्ये ज्यांनी रिटर्न भरलं, त्यांना प्राप्तिकर खात्याच्या सॉफ्टवेअरने ती सूट दिलीही. मग ५ जुलै २०२४ ला ते सॉफ्टवेअर बदललं. त्यानंतर रिटर्न भरणाऱ्याला सूट मागायची सोयच उरली नाही. कायदा तोच, वर्ष तेच, फक्त तुम्ही ४ जुलैला भरलं की ६ जुलैला यावर सगळं ठरू लागलं.

मुंबईतली करसल्लागारांची संस्था, चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स, हा विषय जनहित याचिका करून उच्च न्यायालयात घेऊन गेली. २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने उशिराच्या आणि सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला सांगितलं. २४ जानेवारी २०२५ ला निकाल आला. सूट मिळते की नाही हे न्यायालयाने ठरवलं नाही. ते ठरवण्याचं काम कर अधिकाऱ्यांचं. पण करदात्याला आपला दावा मांडूच न देणारं सॉफ्टवेअर चालणार नाही, दावा करायची सोय द्या, असं सांगितलं.

मला या निकालातलं हेच महत्त्वाचं वाटतं. आपली पिढी सगळं ॲपवर करते. स्क्रीनवर एखादं बटण नसलं की आपण समजतो, तो हक्कच नाही. न्यायालयाने सांगितलं, तसं नसतं.

पण आनंद फार टिकला नाही. आठवड्याभरात, १ फेब्रुवारी २०२५ ला नवा अर्थसंकल्प आला. बारा लाखांची मोठी घोषणा त्यातच झाली, आणि विशेष दराच्या उत्पन्नाला ही सूट नाही हेही त्यातच स्पष्ट करून टाकलं. ज्यांना आधी सूट मिळाली होती त्यांतल्या अनेकांना नंतर ‘पैसे परत भरा’ अशा मागण्या आल्या. १९ सप्टेंबर २०२५ ला खात्याने त्यांना निदान एवढा दिलासा दिला, की ३१ डिसेंबरपर्यंत भरलंत तर त्यावरचं व्याज माफ.

तर दादाचा प्रश्न दोन वर्षांपूर्वी वादाचा होता. आता नाही. कर भरायचा आहे.

तुमचं काय? तुम्ही तर अजून कॉलेजात

इथे तुमच्यासाठी बातमी चांगली आहे. तुमचं स्वतःचं उत्पन्न नाही, किंवा माझ्यासारखं महिन्याला थोडंसं मानधन आहे, तर चार लाखांची करमुक्त मर्यादा तुमच्या कामी येते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीचं इतर उत्पन्न चार लाखांपेक्षा जितकं कमी असेल, तितका शेअरचा नफा त्या रिकाम्या जागेत बसवता येतो. समजा तुम्हाला वर्षाला ९६ हजार मानधन मिळालं आणि एलजीच्या लॉटमध्ये ७,४१० रुपये सुटले. एकूण लाखाच्या आसपास. कर शून्य. दादाची ही जागा पगारानेच भरून गेली आहे, म्हणून त्याला पहिल्या रुपयापासून कर लागतो.

आता थोडं नाजूक. तुमचं डिमॅट खातं तुम्हीच चालवता का? आपल्याकडे अनेक घरांत मुलगा-मुलगी अठरा वर्षांची झाली, की बाबा किंवा काका त्यांच्या नावाने खातं उघडतात आणि आयपीओचे अर्ज भरतात. पैसे घरचे, ओटीपी तुमचा. आई-वडिलांनी सज्ञान मुलांना पैसे देणं यात करकायद्याची काही हरकत नाही. पण त्या खात्यातला प्रत्येक व्यवहार तुमच्या पॅनवर नोंदला जातो. नफा झाला तर तो तुमचा, आणि उद्या खात्याने विचारलं तर उत्तरही तुम्हालाच द्यायचं आहे. प्राप्तिकराच्या पोर्टलवर लॉगिन करून ‘एआयएस’ उघडा. वर्षभरात तुमच्या नावावर काय विकलं, किती लाभांश आला, सगळं तिथे दिसतं. पन्नास रुपयांचा लाभांशसुद्धा. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा चक्रावले होते.

लाभांशाचंच आणखी एक. एका कंपनीकडून वर्षात दहा हजारांपेक्षा जास्त लाभांश मिळाला, तर कंपनी त्यातून दहा टक्के टीडीएस कापते. तुमचा कर शून्य असेल तर हे पैसे परत मिळतात, पण आपोआप नाही. रिटर्न भरावं लागतं. आजीच्या नावावर जुन्या कंपनीचे शेअर असतील तर तिच्या बाबतीतही हे तपासा. साठ वर्षांवरच्यांना कर लागणार नसेल तर आधीच पंधरा-एच फॉर्म देऊन टीडीएस टाळता येतो.

मी केलेली चूक

आता माझी गोष्ट. सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५ हजारांच्या पुढे गेला होता. क्लासमधले सगळे काही ना काही घेत होते, मीही शिकवणीचे साठवलेले पैसे घातले. पुढच्या पाच महिन्यांत बाजार घसरत गेला. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस सेन्सेक्स ७३ हजारांवर होता. मला धीर निघाला नाही. विकून टाकलं. तोटा ११ हजार रुपये.

रिटर्न भरायची मुदत त्या वर्षी वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली होती. तरी मी भरलं नाही. माझं म्हणणं सोपं होतं: कमावलंच नाही तर कसला टॅक्स आणि कसलं रिटर्न? उत्पन्न मर्यादेच्या खाली असल्यामुळे माझ्यावर सक्तीही नव्हती.

पण तोटा ही करकायद्यात वस्तू आहे. ती जपून ठेवता येते. शेअरचा शॉर्ट टर्म तोटा शॉर्ट टर्म आणि दीर्घकालीन अशा दोन्ही नफ्यांतून वजा करता येतो. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. पगारातून किंवा लाभांशातून यातलं काहीच वजा होत नाही. आणि त्या वर्षी वजा करायला नफाच नसेल, तर हा तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. अट एकच: ज्या वर्षी तोटा झाला, त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. उशिरा भरलेलं चालत नाही.

मी यंदा नोकरीला लागेन. पुढे कधी ११ हजारांचा शॉर्ट टर्म नफा झाला, तर त्यावर २,२८८ रुपये कर भरेन. तो तोटा हाताशी असता तर हे पैसे वाचले असते. रक्कम मोठी नाही, पण माझ्यासाठी तेवढा लोकलचा पास किती महिने निघाला असता याचा हिशोब मी केला आहे. तुमचा तोटा ११ हजारांचा नसून ५० हजारांचा असेल तर तुम्हीही करा.

एफ अँड ओ: जिथे कर नाही, कारण नफाच नाही

वर लिहिलं की दादाच्या उत्पन्नात एफ अँड ओच्या नफ्यावर कर शून्य. हे वाचून कुणी तिकडे वळू नका. सेबीने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९१ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा एक लाख कोटी रुपयांच्या वर. त्याआधीच्या अभ्यासात सेबीला असंही दिसलं, की या ट्रेडर्समध्ये तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपणच.

सरकारने यावर उपाय म्हणून एसटीटी वाढवला आहे. १ एप्रिल २०२६ पासून फ्युचर्सवर ०.०२ ऐवजी ०.०५ टक्के, ऑप्शन्सच्या प्रीमियमवर ०.१ ऐवजी ०.१५ टक्के. हा कर नफा झाला की तोटा हे विचारत नाही. हरणाराही भरतो.

आणि तोटा झालाच असेल तर तोही लपवू नका. एफ अँड ओचा तोटा धंद्याच्या नफ्यासमोर आठ वर्षं ओढता येतो. इंट्राडेचा चार वर्षं, आणि तोही फक्त इंट्राडेच्याच नफ्यासमोर. त्यासाठी आयटीआर-३ हा मोठा फॉर्म भरावा लागतो. क्रिप्टोचं तर याहून कडक आहे: नफ्यावर सरळ ३० टक्के, आणि तोटा कशातूनच वजा होत नाही, पुढेही ओढता येत नाही.

या महिन्यात करण्यासारखं

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. यंदा त्या दिवशी महावीर जयंती आहे, बाजार बंद. म्हणजे शेवटचा व्यवहाराचा दिवस सोमवार, ३० मार्च. तोपर्यंत एवढं बघा.

तुम्ही यंदा पदवी घेऊन जूनपासून नोकरीला लागणार असाल आणि तुमच्याकडचे शेअर नफ्यात असतील, तर या वर्षाची चार लाखांची जागा अजून रिकामी आहे. ती पुढच्या वर्षी नेता येत नाही. आत्ता विकलं तर शॉर्ट टर्म नफ्यावरही कर नाही. तोच शेअर ठेवायचा असेल तर दुसऱ्या दिवशी परत घ्या. त्याच दिवशी घेतलात तर तो इंट्राडे धरला जाईल. मात्र बारा महिन्यांचं घड्याळ नव्याने सुरू होईल, आणि घेताना-विकताना दोन्ही वेळी ०.१ टक्का एसटीटी आणि ब्रोकरचं शुल्क जाईल. पाचशे रुपयांच्या नफ्यासाठी हे करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नोकरीत असाल आणि शेअरला बारा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस असतील, तर तारीख बघून मगच विका. एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याचे बारा महिने वेगळे मोजले जातात. जे आधी घेतलं ते आधी विकलं असं धरतात.

आणि तोटा झाला असेल तर ३१ जुलै २०२६ ही तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. शेअरचा शॉर्ट टर्म नफा किंवा पुढे न्यायचा तोटा असेल तर आयटीआर-२ लागतो. ब्रोकरच्या ॲपमधून ‘टॅक्स पी अँड एल’ उतरवून घ्या आणि एआयएसशी ताडून बघा. १ एप्रिलपासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू होतोय, पण या वर्षाचं रिटर्न जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचं आहे. रक्कम मोठी असेल तर मात्र माझ्या लेखावर थांबू नका, सीएला विचारा.

राहता राहिला प्रश्न

देशात डिमॅट खाती २० कोटींच्या वर गेली आहेत. एकाची दोन-तीन असतात हे धरलं तरी आकडा प्रचंड आहे, आणि यात दरवर्षी भर पडते ती तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांची. बचत बँकेत न ठेवता बाजारात आणा, हे आपल्याला गेली दहा वर्षं सांगितलं जातंय. आपण आणली. मग दीर्घकालीन नफ्याला जशी सव्वा लाखाची सवलत आहे, तशी शॉर्ट टर्म नफ्याला पंचवीस-पन्नास हजारांची तरी का नसावी? किंवा लाभांशासारखा तोही ज्याच्या त्याच्या स्लॅबने का मोजू नये? यातून सट्टेबाज सुटणार नाहीत, सुटेल तो एक लॉट लागलेला माणूस.

दादाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग विचारलं, “म्हणजे विकले नसते तर?” पुढच्या ऑक्टोबरनंतर विकले असते तर सव्वा लाखाच्या सवलतीत बसले असते, मी म्हटलं. पण तोपर्यंत भाव काय राहील हे कोण सांगणार? त्यावर तो हसला आणि म्हणाला, तेवढे १,५४० भरतो, पण पुढच्या वेळी जिलेबी मात्र कर कापून मिळेल.